विश्लेषण : संघ समुद्रात बुडाला, क्लब तगला... पेरूच्या ‘अलियान्झा लिमा’ची सव्वाशे वर्षांची कहाणी काय सांगते?

पेरूची राजधानी लिमा. तेथील कायाओ बंदराच्या उत्तरेला व्हेंतानिया नावाचा किनारा आहे. दरवर्षी ८ डिसेंबरला निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे शर्ट घातलेली माणसे येथे येतात आणि समुद्रात फुले सोडतात. १९८७ मध्ये याच दिवशी ‘अलियान्झा लिमा’ या फुटबॉल क्लबचा जवळपास संपूर्ण संघ विमानासह या पाण्यात गेला. विमानातील ४४ जणांपैकी एकटा वैमानिक वाचला. अपघात का झाला, याचा अधिकृत अहवाल मात्र देशापासून जवळपास दोन दशके दडवून ठेवण्यात आला. युरोपातील क्लबांच्या बातम्या रोज वाचणाऱ्यांना या क्लबचे नाव फारसे परिचित नसेल. पेरूत मात्र वर्ग, वर्ण, धर्म आणि राजकारण यांच्या चर्चेत त्याचे नाव निघतेच.

घोड्यांच्या तबेल्यातून फुटबॉल क्लब कसा निघाला?

१५ फेब्रुवारी १९०१ रोजी लिमात काही तरुणांनी ‘स्पोर्ट अलियान्झा’ नावाचा संघ काढला. ‘अलियान्झा’ म्हणजे युती. पण हे नाव काही विचारसरणीतून आलेले नव्हते. कोताबांबास रस्त्यावर शर्यतीच्या घोड्यांचा याच नावाचा तबेला होता आणि संघातील मुले तेथेच कामाला किंवा खेळायला असत. तबेल्याचे मालक ऑगुस्तो लेगिया. हे लेगिया पुढे दोनदा पेरूचे अध्यक्ष झाले आणि दुसऱ्या खेपेस ११ वर्षे सत्तेला चिकटून राहिले. क्लबच्या शर्टावरील निळे-पांढरे पट्टे तबेल्याच्या जॉकींच्या पोशाखावरून घेतल्याचे सांगितले जाते.

म्हणजे देशाच्या भावी सत्ताधीशाच्या आवारात, त्याच्याकडे राबणाऱ्यांच्या वस्तीतून हा क्लब उभा राहिला. पेरूत फुटबॉल आणले ते इंग्रज व्यापाऱ्यांनी आणि खलाशांनी. लिमातील पहिले संघ त्यांचे आणि श्रीमंतांच्या मुलांचे होते. अलियान्झात मात्र गवंडी होते, कापड गिरणीतले कामगार होते, तबेल्यातली पोरे होती. त्यांतील अनेक जण आफ्रिकी वंशाचे, म्हणजे पेरूत १८५४ मध्ये गुलामगिरी रद्द झाली त्या पिढीचे नातू-पणतू. १९२० च्या दशकात क्लबचे बस्तान ला व्हिक्टोरिया या कामगार वस्तीत बसले आणि तेथून ते पुन्हा हलले नाही. ‘ला व्हिक्टोरियाचे जिवलग’ हे क्लबचे टोपणनाव आजही चालते.

दुसरे टोपणनाव अधिक बोलके आहे. स्पॅनिशमध्ये काळ्या माणसाला ‘नेग्रो’ म्हणतात. लिमाच्या रस्त्यावरील बोलीत शब्दांची अक्षरे उलटी करण्याची खोड आहे, त्यातून ‘ग्रोने’ हा शब्द झाला. विरोधकांनी हिणवण्यासाठी वापरलेला हा शब्द अलियान्झाच्या पाठीराख्यांनी स्वतःच उचलला आणि छातीवर मिरवला. अर्थात, त्यामुळे हिणवणे संपले असे नाही. पेरूच्या मैदानांवर वर्णद्वेषी घोषणा आजही ऐकू येतात.

युनिव्हर्सितारियोशी वैर कशामुळे?

१९२४ मध्ये सान मार्कोस या लिमातील जुन्या विद्यापीठाच्या वर्तुळातून विद्यार्थ्यांचा एक संघ निघाला. तोच आजचा ‘युनिव्हर्सितारियो’. इकडे कामगार, तिकडे विद्यार्थी. इकडे प्रामुख्याने काळे, तिकडे प्रामुख्याने गोरे आणि सुस्थित. ठिणगी पडायला एवढे पुरेसे होते. २३ सप्टेंबर १९२८ रोजी दोघांची पहिली गाठ पडली. युनिव्हर्सितारियो एका गोलने पुढे होता, अलियान्झाचे एकामागून एक खेळाडू बाहेर काढले गेले, मैदानात हाणामारी झाली आणि चांगल्या बाकांवर बसलेल्या सभ्य प्रेक्षकांनी हातातील छड्या अलियान्झाच्या खेळाडूंवर चालवल्या. हा सामना ‘छड्यांची लढत’ म्हणूनच ओळखला जातो. प्रतिष्ठितांच्या हातातली छडी चालायला किती थोडा वेळ लागतो, हेही त्या दिवशी लिमाने पाहिले.

पुढच्याच वर्षी वेगळा वाद झाला. राष्ट्रीय संघासाठी खेळायचे तर बुडणाऱ्या मजुरीची भरपाई मिळावी, अशी अलियान्झाच्या खेळाडूंची भूमिका होती. हौशी खेळाचे सोवळे पाळणाऱ्या संघटनेला ती रुचली नाही आणि क्लबवर बंदी आली. रोजंदारीवर जगणाऱ्याने देशासाठी फुकट खेळावे, ही अपेक्षा करणाऱ्यांपैकी कोणाचीही चूल त्यामुळे विझणार नव्हती.

आज ‘गरिबांचा क्लब’ आणि ‘श्रीमंतांचा क्लब’ ही विभागणी बरीच पुसट झाली आहे. दोघांचेही चाहते सर्व थरांत आहेत. घोषणांमध्ये मात्र ती शिल्लक आहे.

अलियान्झाचा पहिला सुवर्णकाळ कोणता?

१९२७, १९२८ आणि मग १९३१ ते १९३३ अशी सलग तीन विजेतेपदे, हा तो काळ. या संघाला ‘काळा रोलर’ म्हणत. समोर येईल त्याला चिरडत जाणारा. त्याचा नायक होता अलेहान्द्रो व्हियानुएव्हा. उंचापुरा, लवचीक, हवेत पाठ टाकून उलटी किक मारणारा. १९३४ च्या विजेतेपदावरून युनिव्हर्सितारियोशी सुरू झालेला वाद नव्वद वर्षांनंतरही मिटलेला नाही. दोन्हीकडचे चाहते आजही त्या एका वर्षावरून समाजमाध्यमांवर हमरीतुमरीवर येतात.

१९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये मैदानावर वैरी असलेले हे दोन क्लब एका शर्टात आले. उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रियाविरुद्ध पेरू दोन गोलने पिछाडीवर होता. अलियान्झाच्या व्हियानुएव्हाने दोन गोल केले, युनिव्हर्सितारियोच्या लोलो फर्नांडेझने शेवटचा मारला आणि जादा वेळेत पेरूने ४-२ अशी बाजी मारली. प्रेक्षक मैदानात घुसल्याची तक्रार ऑस्ट्रियाने केली. निकाल रद्द झाला आणि रिकाम्या मैदानावर पुन्हा सामना खेळण्याचा आदेश निघाला. पेरूने तो धुडकावला आणि आपले संपूर्ण पथक मायदेशी नेले. हिटलरच्या हुकमावरून निकाल फिरवला, ही पेरूत घरोघरी सांगितली जाणारी गोष्ट पुराव्याने सिद्ध होत नाही. झालेला अन्याय मोठा होता. त्याला खलनायकाची जोड देण्याची खरे तर गरज नव्हती.

व्हियानुएव्हा १९४४ मध्ये क्षयाने गेला, वयाच्या पस्तिशीत. तत्पूर्वी १९३८ मध्ये क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला होता आणि वर्षभरात परतही आला होता. क्लबला स्वतःचे मैदान नव्हते. पन्नाशीनिमित्त १९५१ मध्ये अध्यक्ष मान्युएल ओद्रिया यांच्या लष्करी राजवटीने जागा दिली. तेथे स्टेडियम उभे राहून पहिला सामना झाला २७ डिसेंबर १९७४ रोजी. जमीन आणि मैदान यांच्यात तेवीस वर्षे गेली. परिसराच्या नावावरून लोक त्याला ‘मातुते’ म्हणतात. अधिकृत नाव आता अलेहान्द्रो व्हियानुएव्हा यांचे आहे.

ऑक्टोबरमध्ये शर्टाचा रंग का बदलतो?

लिमात सतराव्या शतकात अंगोलातून आणलेल्या एका गुलामाने मातीच्या भिंतीवर क्रूसावरील ख्रिस्ताचे चित्र काढले. १६५५ च्या भूकंपात आजूबाजूच्या इमारती पडल्या, ती भिंत उभी राहिली. या ‘चमत्कारांच्या प्रभू’ची मिरवणूक दर ऑक्टोबरात निघते, रस्ते जांभळ्या रंगाने भरून जातात. गुलामांच्या वस्तीतून सुरू झालेली ही भक्ती पुढे सगळ्या देशाची झाली. तिच्याशी नाते सांगत अलियान्झाचा संघ त्या महिन्यात निळ्याऐवजी जांभळे पट्टे घालून उतरतो. यात आता शर्टविक्रीचे गणितही आहे, हे उघड आहे. पण मिरवणुकीत अनवाणी चालणाऱ्या म्हातारीच्या अंगावर आणि मैदानावरच्या पोराच्या अंगावर एकच रंग असणे, ही ला व्हिक्टोरियातील माणसासाठी साधी बाब नाही.

८ डिसेंबर १९८७ रोजी नेमके काय झाले?

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात अलियान्झा पुन्हा शिखरावर होता. १९७०च्या विश्वचषकात पाच आणि १९७८च्या विश्वचषकात पाच गोल करणारा तेओफिलो कुबियास याच क्लबचा. त्याच्या जोडीला डाव्या पायाचा ‘कवी’ म्हणून ओळखला जाणारा सेसार क्वेतो. १९७५, १९७७ आणि १९७८ ची विजेतेपदे आली. मग नऊ वर्षे काही नाही. १९८७ मध्ये मात्र तरण्या पोरांचा एक संघ गुणतालिकेत आघाडीवर होता. लोक त्यांना ‘पोत्रिओस’ म्हणत, म्हणजे शिंगरे. तबेल्यातून निघालेल्या क्लबला साजेसेच नाव. लुईस एस्कोबार अवघा अठरा वर्षांचा होता. या पोरांना सांभाळायला होता अनुभवी गोलरक्षक होसे गोन्झालेझ गानोझा, लाडाचे नाव ‘काइको’. प्रशिक्षक मार्कोस काल्देरोन; पेरूला १९७५ चा ‘कोपा अमेरिका’ जिंकून देणारे.

त्या मंगळवारी संघ अॅमेझॉनच्या जंगलातील पुकायपा येथे खेळला आणि १-० असा जिंकला. लिमा आणि पुकायपा यांच्यामध्ये अँडीज पर्वत आडवा येतो, आणि तो काळ ‘शायनिंग पाथ’ या सशस्त्र माओवादी संघटनेच्या हिंसाचाराचा. परतीसाठी नौदलाचे फॉकर एफ-२७ विमान भाड्याने घेतले होते. त्यात खेळाडूंसोबत प्रशिक्षक, सहायक, काही पाठीराखे, सामन्याचे पंच आणि विमानाचे कर्मचारी होते.

लिमाजवळ आल्यावर चाके खाली आल्याची खूण दाखवणारा दिवा लागेना. वैमानिकाने विमानतळाच्या मनोऱ्याजवळून विमान नेऊन खालून पाहून सांगण्यास सांगितले. चाके खाली आहेत, असा निर्वाळा मिळाला. पुन्हा उतरण्यासाठी विमान समुद्रावरून वळसा घेत असताना, रात्री सव्वाआठच्या सुमारास, त्या काळोखात उंचीचा अंदाज चुकला आणि पंख पाण्याला लागला. लिमाचे दिवे अगदी जवळ होते. वैमानिक अनेक तास पाण्यात तरंगत राहिला आणि त्याला वाचवण्यात आले. ४३ जण गेले. काहींचे मृतदेह समुद्राने कधीच परत दिले नाहीत.

हुआन रेनोसो हा तरुण बचावपटू दुखापतीमुळे त्या दौऱ्यावर गेला नव्हता, म्हणून वाचला. पुढे तो राष्ट्रीय संघाचा कर्णधार झाला आणि प्रशिक्षकही.

अहवाल का दडवला गेला?

अपघाताची चौकशी नौदलाने केली. विमान नौदलाचे, वैमानिक नौदलाचा, चौकशी करणारेही नौदलाचे. निष्कर्ष गोपनीय ठरवले गेले. कुटुंबीयांना ना कागद दाखवले, ना उत्तरे मिळाली. ही पोकळी अफवांनी भरून काढली. विमानात अमली पदार्थ होते, ते खेळाडूंनी पाहिले, म्हणून त्यांना संपवण्यात आले, ही कथा वर्षानुवर्षे फिरत राहिली. तिला आधार नाही. पण एखाद्या आईला मुलगा का गेला हे सांगायचे नसेल, तर तिने कशावर विश्वास ठेवावा हेही सांगण्याचा अधिकार राहत नाही.

२००६ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने हा अहवाल बाहेर काढला. त्यात कट नव्हता, कारस्थान नव्हते. वैमानिकाला रात्रीच्या उड्डाणाचा अनुभव तुटपुंजा होता. आणीबाणीतील सूचनांचे इंग्रजी पुस्तक नीट समजून घेतले गेले नव्हते. विमानाची देखभाल वाईट होती. म्हणजे जे दडवले ते साधे होते: ढिसाळपणा. तो कबूल केला असता तर काही अधिकाऱ्यांना जाब द्यावा लागला असता, भरपाईचे प्रश्न आले असते. ते टाळण्यासाठी ४३ कुटुंबांना जवळपास दोन दशके अंधारात ठेवले गेले. १९४९ मध्ये तोरिनो, १९५८ मध्ये मँचेस्टर युनायटेड, २०१६ मध्ये ब्राझीलचा शापेकोएन्से... विमान अपघातात संघ गमावलेल्या क्लबांच्या यादीत अलियान्झाचे नाव क्वचितच घेतले जाते. जगाला ही घटना कमी ठाऊक असण्यामागे त्या गोपनीयतेचाही वाटा आहे.

क्लब पुन्हा उभा कसा राहिला?

हंगाम संपलेला नव्हता. चिलीतील कोलो-कोलो क्लबने आपले चार खेळाडू अलियान्झाला खेळायला पाठवले. पेरू आणि चिली यांच्यात एकोणिसाव्या शतकातील युद्धापासून जखम आहे. त्या युद्धात चिलीच्या सैन्याने लिमा ताब्यात घेतली होती. हे लक्षात घेतले म्हणजे या चौघांचे येणे किती मोठे होते ते कळते. दोन्ही क्लबांच्या चाहत्यांतील दोस्ती आजही टिकून आहे. त्या चौघांतील गोलरक्षक होसे लेतेलिएर यांनी पुढे प्रशिक्षक म्हणून चिलीचा महिला संघ २०१९ च्या विश्वचषकात आणि टोकियो ऑलिम्पिकमध्ये नेला.

निवृत्त झालेला कुबियास परत आला, चाळिशीच्या उंबरठ्यावर त्याने पुन्हा बूट घातले आणि संघाची जबाबदारीही घेतली. क्वेतोही आला. कुमार संघातील पोरे वेळेआधीच मोठ्या संघात आली. तरीही त्या हंगामाचे विजेतेपद युनिव्हर्सितारियोला मिळाले. त्यानंतर अलियान्झाला वाट पाहावी लागली ती १९९७ पर्यंत. १९७८ आणि १९९७ या दोन विजेतेपदांमध्ये १९ वर्षे गेली. ला व्हिक्टोरियात त्या वर्षांत एक आख्खी पिढी क्लबला जिंकताना न पाहता मोठी झाली, आणि तरीही मैदानावर येत राहिली. २००१ या शताब्दी वर्षात विजेतेपद आले. मग २००३, २००४, २००६.

मग क्लब आज कोणाचा?

हा प्रश्न चाहत्यांना आवडत नाही. कागदोपत्री अलियान्झा ही सभासदांची संस्था आहे. पण खर्चाला धरबंध नव्हता, करांची देणी थकली, खेळाडूंचे पगार थकले, आणि २०१२ पासून क्लब ‘इंदेकोपी’ या सरकारी संस्थेच्या देखरेखीखालील नादारी प्रक्रियेत गेला. या प्रक्रियेत कारभार कोणी चालवायचा हे ठरवतात धनको, सभासद नाही. पुढे क्लबवरील कर्ज विकत घेऊन ‘फोंदो ब्लांकिआसुल’ म्हणजे ‘निळा-पांढरा निधी’ हा गुंतवणूकदारांचा गट मोठा धनको बनला आणि कारभार त्याच्या हाती आला. नाव चाहत्यांचे, सूत्रे भांडवलाची. कट्टर प्रतिस्पर्धी युनिव्हर्सितारियोचीही हीच गत झाली, हे विशेष. शतकभर एकमेकांशी भांडणारे दोन्ही क्लब एकाच कारणाने एकाच सरकारी कार्यालयाच्या दारात उभे राहिले.

पैशाचे कारभारी बदलले म्हणून मैदानावर स्थैर्य आले, असेही झाले नाही. २०२० मध्ये अलियान्झा पदावनतीच्या जागेवर घसरला. १९३८ नंतर प्रथमच. वाचला तो मैदानावर नाही, तर क्रीडा लवादात. कार्लोस स्टाइन या दुसऱ्या क्लबने आर्थिक नियम मोडल्याने त्याचे गुण कापले जावेत, हा दावा मान्य झाला आणि अलियान्झा पहिल्या श्रेणीत राहिला. स्वतः वर्षानुवर्षे देणी थकवलेल्या क्लबला दुसऱ्याच्या थकबाकीने तारावे, यातील विसंगती विरोधकांनी सोडली नाही. त्याच वर्षी, २०२१ मध्ये, अलियान्झा विजेता झाला. २०२२ मध्ये पुन्हा.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मातुतेवर अंतिम फेरीचा दुसरा सामना होता. युनिव्हर्सितारियोने तो २-० असा जिंकला, आणि पाहुणे जल्लोष करू लागताच स्टेडियमचे दिवे गेले. गेले म्हणजे घालवले. हजारो प्रेक्षक बाहेर पडायचे असताना भरलेले स्टेडियम काळोखात ढकलणे ही चेष्टा नव्हती, जिवाशी खेळ होता. त्यातही ज्या क्लबने आपला संघ अंधारात गमावला, त्याच्या घरात हे घडावे, ही शरमेची बाब. शिक्षा झाली. त्यानंतरची दोन विजेतेपदेही युनिव्हर्सितारियोने नेली.

तरी २०२५ च्या फेब्रुवारीत अलियान्झाने अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सला ब्युनोस आयर्समध्ये त्यांच्याच मैदानावर पेनल्टींवर हरवून कोपा लिबेर्तादोरेसमधून बाहेर काढले. ला व्हिक्टोरियात त्या रात्री कोणी झोपले नसेल.

त्या संघात पाओलो गुरेरो होता. पेरूचा सर्वाधिक गोल करणारा हा खेळाडू अलियान्झाच्या बालसंघात घडला, पण मोठ्या संघातून एकही सामना न खेळता २००२ मध्ये जर्मनीला गेला. २२ वर्षे इतरत्र खेळून २०२४ मध्ये, वयाच्या चाळिशीत, तो परत आला. गोलरक्षक काइको गोन्झालेझ गानोझा त्याचा मामा. मामा विमानात बसला तेव्हा भाचा चार वर्षांचाही नव्हता.